भाकऱ्या संपेपर्यंत

“नंबर म्हण.”

केंद्राच्या व्हरांड्यात, जेवणाच्या रांगेत, नळापाशी, जिथं पोरगी सापडेल तिथं तिला अडवून अक्का एवढंच म्हणायच्या. पोरगी हातातलं ताट सावरत दहा आकडे घडाघडा म्हणायची. एखादा आकडा चुकला की अक्का मान हलवायच्या आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. तो नंबर अक्कांच्या मोबाईलचा होता. “मोबाईल चोरीला जातो, पाण्यात पडतो, बंद पडतो. डोक्यातलं कोण चोरतंय? नंबर पाठ असलेलं माणूस हरवत नसतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ऑफिसातली माणसं मागून हसायचो. सगळ्यात जास्त मी हसायचो, कारण मला माझ्या बायकोचाही नंबर पाठ नाही.

आमचं केंद्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. शिकून घरी बसलेल्या पोरापोरींना फुकट हुनर शिकवायचं, राहायला-खायला द्यायचं आणि शेवटी नोकरीला लावायचं, अशी सरकारची योजना. आमच्याकडं शिलाईच्या मोठ्या मशीनचं काम शिकवतात, त्यामुळं पोरीच जास्त. माझं काम कंप्यूटरवर. पोरींचे अंगठे, फोटो, हजेरी मी वर पाठवतो. आणि गावोगाव फिरून पोरी आणायचं काम अक्कांचं. या कामाला सरकारी कागदावर ‘मोबिलायझर’ असा शब्द आहे. गावात तो कुणाच्या तोंडात बसला नाही. माढ्यापासून जेऊरपर्यंत सगळे त्यांना ‘नोकरीवाल्या अक्का’ म्हणायचे.

अक्का पन्नाशीच्या, अंगानं बारीक. कपाळावर तीन बोटांची विभूती, इरकल साडीवर पुरुषी जाकीट आणि खाली बूट. त्यांचं माहेर-सासर दोन्ही अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून. नवरा वारल्यावर त्या सोलापुरात आल्या आणि बरीच वर्षं चादरीच्या कारखान्यात काठ शिवत होत्या. एमआयडीसीतच एका खोलीत एकट्या राहायच्या. मराठी बोलता बोलता मधेच कन्नड येई. एखादं घर पोरगी पाठवायला तयार झालं की त्या मांडीवर थाप मारून म्हणायच्या, “आतु!” म्हणजे झालं, ठरलं. तो ‘आतु’ कानावर पडला की मी कंप्यूटरवर नवीन नाव टाकायला घ्यायचो.

एकदा मी त्यांच्याबरोबर माढ्याकडच्या एका गावात गेलो होतो. मी आपला योजनेची पत्रकं घेऊन पारावर उभा राहिलो. पत्रकं बघून दोन म्हातारे आले, त्यांना वाटलं पगारी काहीतरी आहे. अक्का मात्र सरळ एका घराच्या मागच्या दारानं आत शिरल्या. पाणी मागितलं, चुलीपाशी बसल्या आणि त्या घरातल्या बाईच्या हातातलं पीठ घेऊन भाकरी थापायला लागल्या. तीन भाकऱ्या होईपर्यंत योजनेचं नाव नाही. मग पोरीचा बाप आला.

“सरकारी हाय का?” त्यानं दारातूनच विचारलं.

“शिकवणं सरकारी हाय, जेवण सरकारी हाय, अंगावरची कापडं सरकारी हायत.”

“आन् नोकरी?”

“नोकरी कंपनीची. पोरीच्या हाताची.”

“म्हंजी सरकारी न्हाय.”

“तुमी सरकारी हाय का, दादा? तरी बायको नांदतीय की.”

चुलीपुढची बाई तोंडाला पदर लावून हसली. बापालाही हसू आवरेना. मग तो खाली बसला आणि खरं काय ते बोलला. “लांब पाठवायची म्हंता. कोण बघणार तितं तिच्याकडं?”

अक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. “जबाबदारी माझी. माझा नंबर तुमच्याजवळ ठेवा, तिला मी पाठ करून घेते. कवाबी फोन लावा.”

आणि लोक फोन लावायचे. अक्कांचा मोबाईल जेवताना ताटाशेजारी, तोंड वर करून ठेवलेला असे. कुणाची पोरगी फोन उचलत नाही, कुणाच्या पोरीनं केस कापले, कुणीतरी पोरीला स्वप्नात पाण्यात उभं बघितलं, सगळं अक्कांना. घास तसाच हातात धरून त्या ऐकायच्या. एका आईनं तर म्हैस व्यालेली कळवायला फोन केला होता. “पोरीला सांगा म्हंती,” अक्का फोन ठेवत म्हणाल्या. “तिचा फोन लागंना, म्हणून मला. आता मी रेडीचा निरोप पोचवू.” आणि खरंच पोचवला.

पोरींच्या मनाचंही त्यांचं एक गणित होतं. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोरीच्या घरून कडक भाकऱ्यांची जुडी आणि शेंगाची चटणी आलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, महिनाभर हलत नाही. सोलापूर स्टेशनवर पोरी रडायला लागल्या की अक्का जुडीवर हात ठेवून सांगायच्या, “रड की. भाकऱ्या संपेपर्यंत रडायचं. भाकऱ्या संपल्या, तितला भात अंगी लागला, की रडू आपोआप थांबतंय.” तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बॅचमागून बॅच जात राहिल्या आणि महिनाभरानं पोरींचे हसरे फोन येत राहिले. कुणी पहिल्या पगाराचा ड्रेस घालून फोटो पाठवी, कुणी कन्नडमध्ये शिव्या शिकली म्हणून सांगे. अक्कांचं गणित कधी चुकलं नव्हतं.

सरकारचंही एक गणित होतं. पोरगी नोकरीवर तीन महिने टिकली तरच तिला नोकरी लागली असं धरायचं. त्याआधी परत आली तर ती कधी गेलीच नव्हती असं समजायचं. त्यामुळं आमचे वरचे साहेब दर आठवड्याला विचारायचे, “टिकल्या का?” अक्का रोज फोन लावून पोरींना विचारायच्या, “हायस न्हवं?” त्यांच्या मनात ते विचारणं काळजीचं होतं. पण काळजीचं आणि साहेबांचं विचारणं हळूहळू एकाच वाक्यात मिसळत गेलं, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शीतल जेऊरजवळच्या एका वस्तीवरून आलेली. बारावी झालेली, बोलायला अगदी कमी. मशीनवर मात्र तिचे हात असे चालायचे की शिकवणाऱ्या बाई तिच्यामागं उभ्या राहून बघायच्या. अक्कांचा नंबर ती मशीन चालवता चालवता ओठांतल्या ओठांत म्हणत बसे. बंगळूरच्या पुढं एका गावात शर्टांचा मोठा कारखाना आहे, तिथं तिला काम मिळालं. स्टेशनवर ती रडली नाही. अक्कांना तेच खटकलं. “ही आतल्या आत रडणारी हाय,” गाडी गेल्यावर त्या मला म्हणाल्या.

दोन महिने उलटून गेल्यावर एका दुपारी तिचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. अक्कांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण पोरींच्या भाकऱ्या थापता थापता उठून आल्यानं त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

“अक्का, भाकऱ्या संपल्या.”

“बरं झालं की. आता भात खा.”

“संपून लई दिवस झालं. तरी रडू येतंय. रोज येतंय. माझंच कायतरी चुकतंय का?”

भिंतीवर साहेबांनी लावलेला तक्ता होता, त्यात त्या बॅचच्या तीन महिन्यांना थोडेच दिवस राहिले होते. मला दिसलं की अक्कांची नजर तिकडं गेली.

“थांब बाई थोडं,” त्या म्हणाल्या. “तीन महिने होऊ दे. मी भाकऱ्या पाठवते. त्या खा, मग बघू.”

“बरं,” शीतल म्हणाली.

अक्का त्याच दिवशी पीठ घेऊन बसल्या. स्वतः भाकऱ्या केल्या, स्वतः वाळवल्या, आणि तिकडं निघालेल्या दुसऱ्या पोरीबरोबर जुडी पाठवली. ती जुडी तशीच परत आली. जुडी पोचायच्या आदल्या रविवारी शीतल बॅग घेऊन होस्टेलातून निघून गेली होती. फोन बंद. कंपनी म्हणाली, काम सोडून गेली, आमचा संबंध संपला. पोलिसांनी तक्रार घेतली आणि म्हणाले, सज्ञान आहे, येईल. माझ्या कंप्यूटरवर तिच्या नावापुढं ‘संपर्क नाही’ असं निवडायचा पर्याय होता. मी तो निवडला.

जेऊरला सांगायला अक्का स्वतः गेल्या, मी सोबत होतो. मला वाटलं होतं शिव्या मिळतील, कुणी हात उचलेल. शीतलचा बाप उठून मळ्याकडं निघून गेला. आईनं चहा ठेवला. अक्कांपुढं कप ठेवून ती म्हणाली, “तुमचा नंबर पाठ हाय की तिला. ती करंल फोन. तुमीच म्हणला व्हता, नंबर पाठ असलेलं माणूस हरवत नसतं.” त्या बाईच्या आवाजात टोमणा नव्हता. तिचा खरोखर विश्वास होता. अक्कांनी तो कप उचललाच नाही.

त्यानंतर अक्का गावांत जायच्या, पण पाराजवळच थांबायच्या. कुणाच्या चुलीपाशी गेल्या नाहीत. ‘जबाबदारी माझी’ हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा मी ऐकले नाहीत, आणि ‘आतु’ही नाही. फोन वाजला की त्या दचकायच्या आणि आवाज ऐकला की खांदे खाली यायचे. परत आलेली ती जुडी त्यांनी खोलीत खुंटीला टांगून ठेवली होती. मी एकदा म्हणालो, “अक्का, टाकून द्या ती. इतक्या पोरी तुम्ही मार्गी लावल्यात, त्यांच्याकडं बघा.” “त्या येत न्हाईत हो समोर,” म्हणाल्या. “मी डोळं मिटलं की हीच येती. म्हंती, अक्का, भाकऱ्या संपल्या.”

एके दिवशी त्यांनी आपला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

“हे तुमी सांभाळा, सर. मी तिकडं निगाले. त्याच कंपनीत धागं कापायचं काम मिळालंय. कन्नड येतंय, तर विचारत फिरंन.”

“मग फोन न्या की बरोबर.”

“गेटवर जमा करून घेत्यात. दिवसभर कपाटात पडणार. आन् त्याच वेळी तिचा आला तर?” त्यांनी चार्जरची वायर नीट गुंडाळून मोबाईलशेजारी ठेवली. “तिला दुसरा कुठला नंबर येत न्हाई. तुमी हितं बसूनच असताय. उचला म्हंजी झालं.”

मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो. त्यांच्या पिशवीत तीच जुडी होती.

तिकडून त्यांचा फोन यायचा तो कुणाकुणाच्या मोबाईलवरून. हॅलो नाही, कसे आहात नाही. मी उचलला की थेट विचारायच्या, “आला का?” मी म्हणायचो, “नाही.” “बरं,” आणि फोन बंद. पुढं एकदा म्हणाल्या, की या गावात ती नाही, आता दुसऱ्या कारखान्याच्या गावाला जाते. मग तिसऱ्या. मी त्यांना स्वतःचा मोबाईल घ्या म्हणून सांगत राहिलो, त्या ‘घेईन की’ म्हणत राहिल्या. मधे आमच्या काही पोरींनी त्यांना बघितलं होतं. पाळी सुटायच्या वेळी अक्का गेटसमोर उभ्या असतात, बाहेर पडणाऱ्या एकेका पोरीचं तोंड बघतात आणि शेवटची पोरगी गेल्यावर निघून जातात, असं त्यांनी सांगितलं. एका पोरीला त्यांनी हाताला धरून विचारलं होतं, “रडत न्हाईस न्हवं?” ती घाबरली.

आणि मग त्यांचे फोन यायचे थांबले. आधी मी मनावर घेतलं नाही. मग रोज मोबाईल उघडून बघायला लागलो.

शीतलचा फोन आला तो भर दुपारी. नवीन बॅचचा गलका चालला होता. अनोळखी नंबर बघून मला वाटलं अक्काच. मी सवयीनं ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला.

“अक्का?”

मी खुर्चीतून उठलो. “कोण?”

“मी शीतल. अक्का हायत का?”

मी उत्तर द्यायच्या आत ती आपली सांगत सुटली, बहुधा आधीपासून ठरवून ठेवलेलं. होस्टेलातल्या एका मैत्रिणीबरोबर ती निघाली होती. बसमध्ये मोबाईल गेला. दुसऱ्या एका शहरात कॉलेजच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या करायचं काम मिळालं. घरी जायचं धाडस झालं नाही. तीन महिने व्हायच्या आत परत आलेली पोरगी धरत नाहीत, असं तिनं आमच्याच केंद्रात ऐकलं होतं. आपल्याला घरीसुद्धा कुणी धरणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

“अक्कांनी थांब म्हणलं व्हतं. मी थांबले न्हाई. म्हणून फोन केला न्हाई.”

“मग आज कसा केलास?”

“हितं सोलापूरची एक पोरगी आलीय. भाकरी पायजे म्हणून रडत व्हती. आज तिच्यासाठी थापाय घेतली. थापता थापता नंबर तोंडात आला. अक्कांना द्या की फोन. मी आता रडत न्हाई, एवढंच सांगायचंय.”

मी तिला घरचा पत्ता, बापाचं नाव, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री होईना म्हणून. मग त्या मेसचा पत्ता लिहून घेतला आणि जेऊरला कळवलं. बाप स्वतः जाऊन तिला घेऊन आला. त्यानं तिला एक शब्द विचारला नाही, असं तिची आई सांगते.

शीतल आता घरी आहे. अक्का कुठं आहेत, ते आम्हाला माहीत नाही. त्यांचा शेवटचा फोन ज्या नंबरवरून आला होता तो मी लावला. एक पोरगी म्हणाली, आजी इथं आमच्या खोलीत होत्या, दुसरं गाव बघते म्हणून गेल्या. सासरच्या लोकांनाही काही ठाऊक नाही. मी आणि शीतलचा बाप कारखान्यांच्या त्या गावांना जाऊन आलो. पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर उभे राहिलो. भोंगा झाला आणि पोरी बाहेर पडायला लागल्या, नुसत्या पोरीच पोरी, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे कोट. एवढ्या तोंडांत मला एक पांढरं डोकं शोधायचं होतं. थोड्याच वेळात मला गरगरायला लागलं. अक्का असं रोज बघत होत्या. गेट बंद झाल्यावर शीतलचा बाप म्हणाला, “पोरीला शोधाय आलेल्या बाईला आपण शोधतोय. कुणाचं काय फेडायचं हे, सर?”

शीतलची आई अधूनमधून केंद्रात येते. येताना कडक भाकऱ्यांची नवी जुडी आणते आणि माझ्या टेबलावरच्या फळीवर ठेवते. जुनी उतरवून आम्हाला खायला देते. “अक्का आल्या तर उपाशी येतील,” एवढंच म्हणते. शीतल बरोबर असली तर ती मोबाईलशेजारच्या स्टुलावर बसून राहते आणि तो वाजला की माझ्याआधी हात पुढं करते. बहुतेक वेळा कुठल्यातरी आईचा असतो. पोरगी फोन उचलत नाही, जेवली का, रडत तर नाही ना. मी ताटातला घास तसाच धरून ऐकतो. परवा एका बाईला बोलता बोलता मी ‘जबाबदारी माझी’ म्हणून गेलो आणि फोन ठेवल्यावर माझी नजर फळीवरच्या जुडीकडं गेली.

वरून नवीन मोबिलायझर आलाय, पोरगेलासा आहे. त्यानं नंबर बदलू या का, म्हणून विचारलं. मी त्याच्यावर ओरडलोच.

आत्ता हे लिहीत असताना पलीकडच्या हॉलमध्ये पोरी नंबर पाठ करताहेत. मीच करायला लावतो. मशीनच्या घरघरीवर त्यांचे दहा आकडे ऐकू येतात, एकीचा चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तो नंबर सगळ्यांच्या आधी ज्या बाईला पाठ होता, तिला तो आजही पाठ असणार. फळीवर भाकऱ्या आहेत, मोबाईल चार्जिंगला आहे, आवाज मोठा ठेवलाय. अक्का हॅलो म्हणणार नाहीत. ‘आला का?’ म्हणून विचारतील. मला फक्त ‘आला’ म्हणायचंय.